बंदरावरचे फादर: एका सारंगाचा अभिप्राय

लोक हॉटेलांवर लिहितात, फ्रिजवर लिहितात, लग्नाच्या हॉलवरसुद्धा लिहितात. मी लिहितोय पोर्ट चॅप्लेनवर, म्हणजे बोट बंदराला लागली की खलाशांना भेटायला वर येणाऱ्या ख्रिस्ती धर्मसेवकांवर. आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात कितीतरी घरं बोटीच्या पगारावर उभी आहेत. पण हे लोक काय करतात ते घरच्यांना ठाऊक नसतं. नवीन पोरं तर 'धर्म बदलायला आलेत' म्हणून केबिनचं दार आतून लावून घेतात.

माझ्याबद्दल थोडक्यात. डेकवर ओएस, म्हणजे सगळ्यात खालचा खलाशी म्हणून लागलो, एबी, म्हणजे अनुभवी खलाशी झालो, आता बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे. आमच्याकडचे म्हातारे अजून सारंगच म्हणतात. घरात गणपती, गावात शिमगा, एरवी देवाशी कामापुरतं बोलणं. ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. सेवा घेतलेला माणूस म्हणून लिहितोय, भक्त म्हणून नव्हे.

आधी हे लोक कोण ते सांगतो. बोटीवर आम्ही सगळ्यांनाच 'फादर' म्हणतो, पण संस्था वेगवेगळ्या आहेत. मिशन टू सीफेरर्स ही अँग्लिकन चर्चची, 1856 पासूनची. तिच्या खुणेत पंखवाला देवदूत असतो. स्टेला मारिस ही कॅथलिक, 1920 मध्ये ग्लासगोला सुरू झालेली. परवापरवापर्यंत तिला अपॉस्टलशिप ऑफ द सी म्हणायचे. सेलर्स सोसायटी त्याहून जुनी, 1818 ची. जर्मन लोकांची सेमान्समिसिऑन वेगळी. पुष्कळ बंदरांत दोन-तीन संस्था मिळून एकच केंद्र चालवतात, त्यामुळे गाडी एकाची, वायफाय दुसऱ्याचं आणि नाताळचं खोकं तिसऱ्याचं असा मामला असतो. आम्हाला काय, चहा गरम असला की झालं.

अँग्लिकनवाल्यांची सुरुवात मला आवडते. 1835 मध्ये जॉन अ‍ॅशली नावाचा पाद्री ब्रिस्टल खाडीच्या काठावर मुलाबरोबर उभा होता. समोरच्या बेटांवरची माणसं चर्चला कशी जातात, असं पोरानं विचारलं. अ‍ॅशली बेटांवर जाऊ लागला, आणि तिथून त्याला वाऱ्याची वाट बघत नांगरून पडलेली शिडाची जहाजं दिसली. त्यांच्याकडे तर कुणीच जात नव्हतं. मग त्यानं लहानसं जहाज घेतलं आणि खाडीत हिंडून एकेका जहाजावर चढायला लागला. आज पद्धत तीच आहे, फक्त अंगात चमकणारं जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि खिशात बंदराचा पास आला.

पासाचं महत्त्व बाहेरच्यांना कळणार नाही. 1 जुलै 2004 पासून आयएसपीएसचे सुरक्षेचे नियम लागू झाले आणि बंदर म्हणजे किल्ला झाला. गँगवेवर, म्हणजे बोटीवर चढायच्या शिडीवर, वही, सही, ओळखपत्र. सही करून वर येणाऱ्यांमध्ये एजंट असतो, कस्टम असतं, सर्व्हेयर असतो, पोर्ट स्टेट कंट्रोलचा इन्स्पेक्टर असतो. कुणाला कागद हवा असतो, कुणाला चूक हवी असते, कुणाला सिगारेटचं कार्टन. मी बोसन, गँगवे माझ्या लोकांच्या ताब्यात, म्हणून हे रोज बघतो. फादर वर येतो तेव्हा एबी विचारतो, 'सारंग, हे कुणाला भेटायला आलेत?' उत्तर असतं, जो मोकळा असेल त्याला. मेसरूममध्ये बसतो, कपबशी समोर ठेवून कुठला, घरी कोण, किती महिने झाले, असं विचारत राहतो. हाच त्याचा धंदा.

चांगल्या दिवसांतली सेवा कशी असते ते पटकन उरकतो, कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडला लोहखनिज भरायला आम्ही जायचो. बाहेर लाल धूळ आणि उकाडा. सीफेरर्स सेंटरची गाडी येऊन शहरात न्यायची. वायफाय, चॉकलेट, विलायती जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पूल टेबल. फ्रीमँटलच्या फ्लाइंग एंजल क्लबात चॅपल आणि बार एकाच इमारतीत, हे बघून आमच्या कॅडेटच्या ज्ञानात भर पडली. मेलबर्नला फ्लिंडर्स स्ट्रीटवरची मिशनची 1917 ची इमारत म्हणजे वास्तूच आहे. तिच्या मोठ्या घुमटाखाली पूर्वी खलाशांची व्यायामशाळा होती. हॅम्बुर्गच्या डुकडाल्बन क्लबात प्रार्थनेची खोली आहे, त्यात वेगवेगळ्या धर्मांचे कोपरे, आपलाही. अमेरिकेत नेवार्कला सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट आहे, 1834 पासूनची संस्था. तिथल्या बायका 1898 पासून नाताळला खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या विणून पाठवतात. आम्हाला त्या मिळाल्या तेव्हा बोट विषुववृत्ताकडे निघाली होती. मी ती टोपी गावी आणली, वडील थंडीत घालतात.

इथपर्यंत ही सेवा म्हणजे फुकटची गाडी आणि फुकटचं नेट. आता त्यातलं नेटही गेलं. दोन-तीन वर्षांत बोटींवर स्टारलिंक आलं, आणि डिसेंबर 2024 पासून बोटीवर इंटरनेट देण्याबाबतचा नियमच एमएलसीमध्ये, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, आलाय. त्यामुळे क्लबं ओस पडायला लागली. कंटेनरवाल्यांना तर बोट बारा-पंधरा तासांत सुटते म्हणून खाली उतरायलाच मिळत नाही. माझं म्हणणं, क्लबांचं जे व्हायचं ते होवो. खरी सेवा गँगवे चढून वर येणाऱ्या माणसाची आहे, आणि ती कळायला वाईट दिवस यावे लागतात.

वाईट दिवस दोन प्रकारचे बघितले. पहिले 2008-09 चे. बल्क कॅरियरच्या, म्हणजे कोळसा-खनिज असा सुटा माल नेणाऱ्या बोटींच्या, भाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे 2008 मध्ये 11,793 वर होता, तो डिसेंबरात 663 वर आला. आम्हाला आकडे कळत नव्हते. एवढंच कळत होतं की माल मिळत नाही म्हणून बोटी नांगरून पडल्यात आणि कॉन्ट्रॅक्ट संपलेल्यांना 'घरी थांबा, बोलावू' असं सांगतायत. यूएईतल्या फुजैराच्या अँकरेजवर, म्हणजे बोटी नांगरून थांबतात त्या जागी, रात्री एवढे दिवे असायचे की नवख्याला वाटावं, शहर आहे. तिथे मिशनची स्वतःची बोट होती, फ्लाइंग एंजल नावाची, 2007 मध्ये उतरवलेली. आत फोन, इंटरनेट, पुस्तकं. अँकरेजवरच्या बोटींना लागायची आणि माणसांना तासभर आत घ्यायची. घरी फोन करायला पोरं रांग लावायची. त्या वेळी पगार मात्र येत होता. चिंता होती ती पुढच्या कॉन्ट्रॅक्टची.

दुसरे दिवस जास्त खराब. 2014 च्या मध्याला तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, 2016 च्या जानेवारीत तीसच्या खाली आलं. तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या त्यात एकेक करून बसल्या. मी बल्करवर काम मिळेना म्हणून करोनाच्या आदल्या वर्षी आखातात एका सप्लाय बोटीवर गेलो. मालक कोण, झेंडा कुठला, हे इथे लिहीत नाही. मी चढलो तेव्हाच बोट कर्जात होती, हे नंतर कळलं.

आधी पगार पंधरा दिवस उशिरा. मग महिना. मग 'बँकेचा प्रॉब्लेम आहे.' नंतर एजंटचा फोन बंद. भाजी संपली, मग मांस संपलं, मग डिझेल वाचवायला जनरेटर दिवसाचे काही तासच. मे महिन्यात आखातात एसीशिवाय लोखंडी बोट म्हणजे काय ते ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत. आम्ही रात्री डेकवर झोपायचो. पासपोर्ट कॅप्टनकडे, बोट सोडायला परवानगी नाही, कारण बोटीवर किमान माणसं असलीच पाहिजेत हा बंदराचा नियम. आणि बोट सोडून गेलो तर पगाराची बाब थंड्या बस्त्यात जाईल ही भीती. कॅप्टन साहेब चांगला माणूस, पण त्यालाही पगार नव्हता. तो काय करणार?

घरी बायको बेलापूरच्या एजंटच्या ऑफिसात दोनदा जाऊन आली. तिथे पाटी बदललेली. पतसंस्थेचा हप्ता थकला. फोनवर ती म्हणायची, 'अहो, पैशाचं राहू दे, जेवता ना?' मी म्हणायचो जेवतो. भात आणि लोणचं हेही जेवणच.

फादर आला तो एका लाँचमधून, आमच्या कुकनं मेसेज टाकला होता म्हणून. कुक गोव्याचा, साष्टीकडचा. त्याचे वडीलही बोटीवर होते आणि मुंबईत धोबी तलावच्या कूडात राहायचे. गोव्यातल्या एकेका गावाचा एकेक कूड, बोटीची वाट बघणाऱ्या माणसांसाठी, आणि तिथे संध्याकाळी सगळ्यांनी रोजरीला बसायचं. ते बघून वाढलेला हा माणूस अडचणीत पहिल्यांदा फादरला कळवणार, हे उघड होतं. आम्ही बाकीचे तेव्हा कॉन्सुलेटला ईमेल करत बसलो होतो.

लाँचमधून वर आलं ते असं: पाण्याचे कॅन, तांदूळ, तूरडाळ, कांदे, बटाटे, अंडी, तेल, फोनची डेटा कार्डं. येण्याआधी त्यानं कुकला विचारलं होतं की वर कोण काय खातं. त्यामुळे मांस आणलं ते हलाल, आणि आमच्या बिहारच्या शाकाहारी एबीसाठी राजमा. अशी चौकशी मालकाच्या चँडलरनं, म्हणजे बोटीला सामान पुरवणाऱ्यानंही, कधी केली नव्हती. पिशवीत बायबलं असतील म्हणून मी बघत होतो. होतं एकच, त्याचं स्वतःचं, घड्या पडलेलं.

सामान ठेवून झाल्यावर तो म्हणाला, 'ते सर्टिफिकेट कुठे लावलंय?' आम्हाला कळेना. मेसरूममध्ये फायर प्लॅनच्या शेजारी काचेत एक कागद होता, आम्ही त्यावर कधी नजर टाकली नव्हती. जानेवारी 2017 पासून एमएलसीच्या नियमानं मालकाला विम्याची हमी घ्यावी लागते आणि ते सर्टिफिकेट बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं. मालकानं माणसं वाऱ्यावर सोडली तर विमावाला घरी पोचवण्याचा खर्च देतो, खाण्यापिण्याचा देतो आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देतो. दोन महिने पगार थकला की नियमाच्या भाषेत ते वाऱ्यावर सोडणंच होतं. फादरनं त्या कागदाचा फोटो काढला, मुदत बघितली आणि पहिल्यांदा हसला. मुदत बाकी होती.

मग तो वही काढून बसला. प्रत्येकाचं नाव, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) नंबर, साइन ऑनची, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याची तारीख, किती पगार बाकी, घरचा फोन. एकेकाला समोर बसवून लिहून घेतलं. कोणी पावती दाखवली, कोणी अलॉटमेंटची, म्हणजे घरी पाठवायच्या पगाराची स्लिप. हे सगळं त्यानं आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक संघटनेच्या इन्स्पेक्टरकडे आणि विमावाल्याकडे पाठवलं. आम्हाला सांगून ठेवलं की मालकाचा माणूस अर्धा पगार आणि 'पूर्ण मिळाले' असं लिहिलेला कागद घेऊन येईल, तो आयटीएफला दाखवल्याशिवाय सही करू नका. मी वकील नाही, हेही तीनदा सांगितलं. आठवड्याभरात तसा माणूस तसाच कागद घेऊन आला. आमच्यातल्या एकानं तरी नक्की सही केली असती.

आता प्रार्थनेबद्दल. विषयच तो असल्यामुळे टाळता येणार नाही.

वही मिटल्यावर तो म्हणाला, 'मी प्रार्थना केली तर चालेल का? नको असेल तर चहा घेऊन जातो.' हिंदीतच बोलला, मोडकं हिंदी. तीन साब, म्हणजे थर्ड इंजिनिअर, भडकलेलाच होता. तो म्हणाला, 'फादर, प्रार्थनेनं बँकेत पैसे येतात का?' मेसरूम गप्प. फादर म्हणाला, 'माझ्या तरी आले नाहीत. म्हणून आधी फोटो काढला.' तीन साबला हसू आलं, पण तो उठून बाहेर गेला. फादरनं त्याला थांबवलं नाही, नंतर समजवायलाही गेला नाही. ही गोष्ट मी या अभिप्रायात मुद्दाम नोंदवतो.

उरलेले बसलो. त्यानं बायबलातलं एकशे सातवं स्तोत्र वाचलं. त्यात जहाजानं समुद्रावर कामाला गेलेली माणसं आहेत, वादळ येतं, ती दारुड्यासारखी झोकांड्या खातात, देवाला हाका मारतात आणि शेवटी हव्या त्या बंदरी पोचतात. रत्नागिरीचा आमचा ऑइलर ऐकून म्हणाला, 'हे तर आमच्यात पण आहे.' कुराणातही जहाजावरची माणसं वादळात हाका मारतात म्हणे. फादर म्हणाला, 'समुद्र एकच आहे ना,' आणि पुढे गेला. मग त्यानं मघाची वही परत उघडली आणि तिच्यातली नावं घेतली. आमची नव्हे, घरच्यांची. मी त्याला फोन नंबर देताना बायकोचं आणि मुलीचं नाव सांगितलं होतं, ते त्यानं घेतलं, उच्चार चुकवून घेतलं. अकरा-बारा माणसं, प्रत्येकाच्या घरचं एकेक नाव. तीन साबच्या आईचंही घेतलं, तो बाहेर उभा असताना.

मला काय वाटलं? चमत्कार नाही वाटला. छाती मोकळी झाली वगैरे लोक लिहितात, तसंही नाही. एवढं वाटलं की आमचं घर या माणसाच्या वहीत आहे आणि त्याला ते माहीत आहे. कित्येक आठवडे आम्ही फक्त 'क्रू' होतो, एजंटच्या, मालकाच्या, बंदराच्या कागदावर. आमचा कॅप्टन त्या रात्री पत्ते खेळायला खाली आला, तो आधी पंधरा दिवस केबिनमधून जेवणापुरता बाहेर यायचा. यात प्रार्थनेचा भाग किती आणि तूरडाळीचा किती, हे मला वेगळं करता येत नाही. फादरलाही करायचं नसावं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या घरी फोन केला. बायकोनं हिंदीत सुरू केलं आणि घाबरून मराठीवर आली, 'फादर, यांना जेवायला मिळतंय ना? खरं सांगा.' त्याला 'जेवायला' कळलं असावं. 'मिळतं, मिळतं, डाल दिया है,' म्हणाला. ती नंतर मला ओरडली, की तुम्ही सांगता त्यापेक्षा परका माणूस खरं सांगतो.

शेवट काय झाला ते सांगतो, कारण अभिप्रायात निकाल हवा. विमावाल्याकडून चार महिन्यांचा पगार आला, विमानाचं तिकीट आलं. त्यावरचे महिने बुडाले. बोट पुढे लिलावात गेली असं ऐकलं. लिलावाच्या पैशात खलाशांच्या पगाराला बँकेच्या आधी हक्क असतो, पण वकील लावून बसायची ताकद आमच्यापैकी कुणात नव्हती. घरी आलो तेव्हा गणपती होऊन गेले होते. पतसंस्थेशी हप्ते बांधून घेतले.

आमचं प्रकरण जगावेगळं नव्हतं. आयटीएफच्या हिशेबानं 2024 या एका वर्षात 312 जहाजांवरची 3,133 माणसं अशी वाऱ्यावर सोडली गेली. त्यात सगळ्यात जास्त आपले, भारतीय, 899. बेलापूर-खारघरमध्ये पैसे घेऊन 'जॉइनिंग' देणाऱ्यांची दुकानं बघितली की हा आकडा कमीच वाटतो. आरपीएसएल नंबर, म्हणजे भरती एजंटचा सरकारी परवाना, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका, हे पोरांना किती वेळा सांगायचं!

आता तक्रारी. पहिली, ही सेवा सगळीकडे सारखी नाही, माणसावर आहे. एका बंदरात (नाव देत नाही) एक सज्जन वर आले, टेबलावर हिंदी पुस्तिकांचा गठ्ठा ठेवला, 'वाचा' म्हणाले आणि उतरले. कुणाचं नावही विचारलं नाही. असे लोक बहुधा मोठ्या संस्थांचे नसतात. आयसीएमए ही 1969 पासूनची या संस्थांची जागतिक संघटना आहे आणि तिच्या आचारसंहितेत धर्म, देश न बघता सेवा द्यायची असं आहे. पण गँगवेवरच्या एबीला कोण कुठल्या संस्थेचा ते कसं कळणार? एका पुस्तिकेनं दहा फादरांचं नाव खराब होतं, आणि मग पोरं दारं लावून घेतात.

दुसरी, केंद्रांच्या वेळा. दुपारी चार ते रात्री नऊ. आमची कार्गो वॉच चार ते आठ. स्वयंसेवक म्हातारे असतात, त्यांना रात्री गाडी चालवता येत नाही, हे मला समजतं. गाड्यांवर आयटीएफ सीफेरर्स ट्रस्टचे स्टिकर असतात, म्हणजे गाडी देणारे आहेत, चालवणारे नाहीत.

तिसरी, आमची पोरं मन मोकळं करायला घाबरतात, की आपण बोललेलं कॅप्टनकडून ऑफिसला जाईल. बंदरावरच्या फादरला शिपिंग कंपनी पगार देत नाही, म्हणून ती भीती मला फोल वाटते, आणि माझ्या अनुभवात कधी काही गेलंही नाही. अमेरिकेत मात्र कारखान्यांत कंपनीनंच ठेवलेले चॅप्लेन असतात. टायसन फूड्स ही कोंबड्यांची मोठी कंपनी 2000 पासून ठेवते, आणि मार्केटप्लेस चॅप्लेन्ससारखी संस्था 1984 पासून कंपन्यांना असे लोक पुरवते. त्यातही चांगली माणसं असतील. पण ज्यानं पगार थकवला त्याच्याच पगारावर आलेल्या फादरनं आमचं सर्टिफिकेट बघितलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनात येतो. मला तरी बाहेरचा बरा.

एक गमतीची गोष्ट. इंग्लंडमध्ये एका बंदरात फादर म्हणून वर आली ती बाई, गळ्याला पांढरी पट्टी, पायात चिखलाचे बूट. आमचा पंपमन गोंधळला, 'गुड मॉर्निंग मॅडम फादर' म्हणाला. तिला ते इतकं आवडलं की पुढच्या वेळी आमची बोट लागली तेव्हा तिनं वहीत तसंच लिहून सही केली.

करोनात ही माणसं वर येऊ शकत नव्हती. 2020 मध्ये चार लाखांच्या आसपास खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवर अडकले होते, त्यांत मीही. फादर जेट्टीवर उभे राहायचे, आम्ही हीव्हिंग लाइन खाली सोडायची, ते पिशवी बांधायचे, आम्ही ओढून घ्यायची. आत साबण, बिस्किटं, सिमकार्ड आणि यादी पाठवण्यासाठी चिठ्ठी. पुढच्या खेपेला यादीतलं सामान. मिशननं तेव्हा इंटरनेटवरून चॅप्लेनशी बोलायची सोय केली. मी ती एकदा वापरली. टाइप करून दुःख सांगणं मला जमत नाही, पण आमच्या कॅडेटला जमलं, तो रात्र-रात्र बोलत असे. त्या पोराचे वडील तेव्हा हॉस्पिटलात होते.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. अन्न आणि कागदपत्रांची मदत, पूर्ण पाच. प्रार्थना, विचारून केली तर पाच, न विचारता केली तर शून्य. क्लब आणि वायफाय आता तीन. एक तारा कापलाय तो अँकरेजसाठी. सोडून दिलेल्या बोटी धक्क्याला नसतात, धक्क्याचं भाडं कोण भरणार? त्या बाहेर नांगरावर असतात आणि तिथे जायला फादरला लाँच, कोस्टगार्डची परवानगी आणि पैसे लागतात. फुजैराला होती तशी बोट मला दुसऱ्या कुठल्याही अँकरेजवर दिसली नाही, आपल्या किनाऱ्यावर तर नाहीच.

घरच्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. आपला माणूस कुठल्या बोटीवर आहे, तिचा आयएमओ नंबर काय, हे साइन ऑनच्या दिवशीच वहीत उतरवून घ्या. नाव बदलतं, झेंडा बदलतो, तो सात आकडी नंबर बदलत नाही. त्या नंबरावरून बोट कुठे उभी आहे ते कळतं, आणि मग त्या बंदरातल्या मिशनला किंवा स्टेला मारिसला ईमेल करता येतो. धर्म, जात, संस्था कुणी विचारत नाही. इंग्रजी येत नसेल तर इस्वान संस्थेची सीफेररहेल्प म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, ती रात्री दोन वाजताही चालू असते आणि हिंदी बोलणारं माणूस मिळतं. माझ्या बायकोनं तो नंबर गॅसच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवलाय, शेजारच्या दोन घरांनी तिच्याकडून उतरवून नेला.